आमची वाटचाल: एदोच्या गल्ल्या सांभाळताना

टोकियोतल्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांची दुकानं एकाला लागून एक आहेत. तिथल्याच एका अरुंद इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आमची खोली आहे. माल एकाच प्रकारचा: एदो काळातले, लाकडी ठशांवरून छापलेले शहरांचे नकाशे. एदो म्हणजे टोकियोचं जुनं नाव. खरेदी, काळ ठरवणं, दुरुस्ती आणि विक्री ही सगळी कामं मी आणि माझी बायको मिळून करतो.

मी २००४ मध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी इथे आलो. ऑफिस कोजिमाचीत होतं. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत जिम्बोचोत भटकताना, दुकानाबाहेर ठेवलेल्या पेटीत बांचो भागाचा एक घडीचा नकाशा हाती लागला. कडा झिजलेल्या, घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे भोकं पडलेली, कोपऱ्यात किड्यांनी कोरलेली नागमोडी वाट. दुसऱ्या दिवशी तो घेऊनच ऑफिसला चालत निघालो. बांचो कोजिमाचीला लागूनच आहे. कागदावर जिथे वळण होतं तिथे पायाखालीही वळण आलं, कागदावर जिथे चढाचं नाव होतं तिथे खरोखरच चढ लागला. त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला, आणि पुढची सगळी वर्षं त्या उशिरातून निघाली.

हे नकाशे का छापले गेले, हे कळल्याशिवाय त्यांची गोडी कळत नाही. एदोत सामुराईंच्या घरांवर नावाच्या पाट्या नसत आणि घरांना क्रमांकही नव्हते. बांचोत तर एकसारखे वाडे ओळीने उभे. ‘बांचोत राहूनही बांचो कळत नाही’ अशी म्हणच पडली होती. कोजिमाचीतल्या ओमिया नावाच्या दुकानात लोक सारखे पत्ते विचारायला येत, म्हणून मालकाने त्या भागाचा नकाशाच छापून काढला, असं सांगतात. हे १८४६ च्या सुमाराचं. १८४९ पासून त्याच भागातल्या ओवारिया सेइशिचीने जास्त रंगांचे नकाशे काढायला सुरुवात केली. शहराचे तुकडे पाडून एकेका भागाचं वेगळं पत्रक, म्हणून त्यांना ‘किरिएझू’ म्हणतात. ओवारियाची अशी तीसेक पत्रकं आहेत आणि आमचा निम्म्याहून जास्त व्यवहार त्यांच्यावरच चालतो.

या पत्रकांचे रंग ठरलेले आहेत. रस्ते पिवळे, पाणी निळं, झाडी आणि बांध हिरवे, देवळं लाल, सामान्यांची वस्ती राखाडी, सामुराईंचे वाडे पांढरे. सरदाराच्या मुख्य वाड्यावर घराण्याचं चिन्ह, मधल्या वाड्यावर काळा चौकोन, शहराच्या कडेच्या वाड्यावर काळा ठिपका. मला सगळ्यात आवडते ती नावं लिहिण्याची रीत. नावाचं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला वाड्याचं मुख्य दार. त्यामुळे एका पत्रकावर नावं चारही दिशांना तोंड करून बसलेली असतात आणि वाचणाऱ्याला नकाशा हातात फिरवावा लागतो. तो चालताना वाचायचा, त्याला वर-खाली नाही. म्हणून नकाशा फ्रेममध्ये घालायला मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी तो टेबलावर पसरून चारही बाजूंनी फिरून बघायला सांगतो.

जुन्या वस्तूंच्या धंद्याचा परवाना इथे पोलीस ठाण्यातून काढावा लागतो. तो आम्हाला २०१२ मध्ये मिळाला. नोकरी मी आणखी दोन वर्षं केली, कारण घरभाडं नकाशे भरत नव्हते.

खरी शाळा म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजार. ‘कांदा’ नावाच्या भागात जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या संघाची इमारत आहे, तिथे संघाच्या सभासदांसाठी लिलाव होतो. बोली मोठ्याने लावत नाहीत. प्रत्येक गठ्ठ्याला एक पाकीट लावलेलं असतं, त्यात आपण भाव लिहून चिठ्ठी टाकायची. एकाच चिठ्ठीवर दोन-तीन चढते भाव लिहिता येतात. खालच्या भावात माल सुटत असेल तर खालचाच धरतात. सुरुवातीला मी गोल आकडे लिहायचो आणि थोडक्यात माल जायचा. शेजारी उभ्या असलेल्या एका वयस्कर दुकानदारांनी हळूच समजावलं, शेवटी थोडे सुटे येन जोडावेत. आजही मी चिठ्ठीवर ते सुटे येन लिहितो तेव्हा त्यांची आठवण येते.

आता आमच्या धंद्याच्या मुळाशी असलेली गोष्ट. नकाशावर छापलेलं वर्ष म्हणजे त्या कागदाचं वय नव्हे. ठसे सांभाळून ठेवत आणि वर्षानुवर्षं वापरत. सरदारांचे वाडे बदलायचे, घराण्यात वारस बदलायचा. मग छिन्नीने जुनं नाव काढून टाकायचं, त्या खाचेत लाकडाचा नवा तुकडा घट्ट बसवायचा आणि त्यावर नवं नाव कोरायचं. वर्षाची ओळ तशीच राहायची. म्हणून आम्ही आधी सरदारांच्या छापील याद्या घेऊन बसतो. ‘बुकान’ नावाच्या या याद्या सुहाराया मोहेइसारखे प्रकाशक नियमित काढत. कोणत्या वाड्यात कोण, हे एकेक नाव ताडून बघायचं. एका पत्रकाला कधी दोन दिवस लागतात. मोठी नावं बरीच सुटी असतात, पण जुन्या मालकांनी कडेला शाईने खरडलेल्या नोंदी जोडाक्षरी, पळत्या हाताच्या. पुण्यात मी मोडीचा वर्ग केला होता. लिपी वेगळी असली तरी हाताची लकब ओळखून, मागचं-पुढचं लावून अक्षर सोडवायची सवय तिथलीच.

२०१६ मध्ये आम्ही चांगलाच मार खाल्ला. एका व्यापाऱ्याकडून अख्ख्या एदोचा मोठा नकाशा घेतला, पाठीला नवा कागद चिकटवून मजबूत केलेला. आम्ही तो एका ओसाकाकर गिऱ्हाइकाला विकला. तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला, खालचा कोपरा भिंगातून वेगळा दिसतो म्हणाले. परत मागवून बघितलं तर तळहाताएवढा तुकडा आधुनिक छपाईचा होता, बेमालूम जोडलेला. भिंगाखाली रंगाचे बारीक ठिपके स्पष्ट होते. ठशाच्या छपाईत रंग कागदाच्या धाग्यात मुरतो आणि कागद ठशावर दाबणाऱ्या घासणीचे वळसे पाठीवर उमटतात. पाठच झाकलेली, म्हणून ती खूण दिसली नाही, आणि भिंग फिरवायचा कंटाळा आम्ही केला. पूर्ण पैसे परत दिले. व्यापाऱ्याने हात वर केले. त्या वर्षी नफा उरला नाही. तेव्हापासून पाठ झाकलेला नकाशा आम्ही एकेक बोट जागा भिंगाने तपासूनच घेतो.

त्यानंतर बायकोने नोकरी सोडली आणि एका वृद्ध कारागिराकडे कागदाचं काम शिकायला जाऊ लागली. कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा पातळ कागद, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, घोड्याच्या केसांचा कुंचला. किड्याने कोरलेलं भोक भरताना ती तुकडा कात्रीने कापत नाही. पाण्याची रेघ ओढून फाडते, म्हणजे कडेला धागे सुटतात आणि ते जुन्या कागदात मिसळतात. गेलेलं नाव मात्र आम्ही कधीही रंगवून पुरं करत नाही. भोक आहे ते भोक दिसलं पाहिजे.

एक विषय आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलतो. काही जुन्या नकाशांवर, गावकुसाबाहेर ठेवलेल्या लोकांच्या वस्त्या त्यांच्या अपमानकारक नावांनिशी दाखवलेल्या आहेत. १८७१ मध्ये तो दर्जा कायद्याने संपला, माणसांच्या मनातून नाही. १९७५ मध्ये तर अशा वस्त्यांची यादी कंपन्यांना गुपचूप विकली जात असल्याचं उघड झालं. नोकरीला आलेल्या मुलाचं गाव त्यात शोधायचं, एवढ्यासाठी. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या आजोळच्या गावातली ती वस्ती कुठल्या दिशेला होती, हे मला आजही डोळे मिटून सांगता येतं. आम्ही मूळ कागदावर काही खोडत नाही, इतिहास खोडायचा अधिकार आम्हाला नाही. पण त्या भागाचे मोठे फोटो विक्रीच्या जाहिरातीत टाकत नाही, आणि नकाशासोबत त्या शब्दाचा अर्थ आणि इतिहास सांगणारं पानभर टिपण देतो. आजच्या पत्त्यांशी तो भाग जुळवून द्या, अशी मागणी दोनदा आली. दोन्ही वेळा नकार दिला.

आता महिन्यातून एका रविवारी आम्ही नकाशा हातात घेऊन फिरायला नेतो. टोकियोतल्या निशिकसाई भागातली मराठी मंडळी हमखास येतात; त्यांचं घर एदोच्या नकाशात येतच नाही, याचं त्यांना पहिल्यांदा वाईट वाटतं. सोतोसाकुरादा भागाच्या पत्रकावर ईई या सरदार घराण्याच्या वाड्यापासून किल्ल्याच्या साकुरादा दरवाजापर्यंत बोट फिरवायला लावतो. मार्च १८६० मध्ये बर्फ पडत असताना शोगुनच्या सरकारचा मुख्य मंत्री ईई नाओसुके याच वाटेने किल्ल्याकडे निघाला आणि दरवाजाबाहेर मारला गेला. कागदावर ते अंतर इतकं थोडं आहे की मुलं सुद्धा गप्प होतात.

या आठवड्यात टेबलावर एकाच भागाच्या दोन प्रती शेजारी शेजारी आहेत. छापलेलं वर्ष एकच. एका वाड्यावरचं नाव मात्र वेगळं आहे, आणि नव्या नावाच्या उजव्या बाजूला, लाकडाचा तुकडा जिथे बसवला तिथे, केसाएवढी पांढरी फट सुटली आहे. बायकोने दिवा तिरपा करून ती मला दाखवली. याद्यांचे गठ्ठे खाली काढलेत, अजून नाव सापडलेलं नाही.