पद्मिनीचं छप्पर दोन इंच खाली: मे ते दसरा

मे महिन्यात सगळं गाव आगोटीच्या गडबडीत होतं. कुणी कौलं चाळत होतं, कुणी पडवीला झापं बांधत होतं. मी मात्र मांगरात बसून छप्पर कापत होतो, गाडीचं. शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "सगळे छपरं घालतायत नि तू उतरवतोयस? पाऊस तोंडावर आलाय रे!"

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी प्रीमियर पद्मिनी, 1089 सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. तिचे खांब कापून छप्पर दोन इंच खाली आणतोय. आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पावसच्या अलीकडे, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. कायद्याचं आधीच सांगून टाकतो, कारण 'ही रस्त्यावर चालवता येईल का?' हा प्रश्न दर वेळी येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पाहता कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी केलेली अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. म्हणून मी नोंदणी रद्द करून घेतली. ही गाडी आमच्या कलमांच्या बागेत फिरेल, बस्स. किनाऱ्यावर नेऊन फोटो काढ म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. वाळूतलं मीठ कुठल्या फटीत जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

छपरं खाली आणायचा हा नाद सुरू झाला कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तलावांवर, 1930 च्या दशकात. म्युरॉकच्या सपाट मातीवर पोरं जुन्या फोर्ड पळवायची. वाऱ्याला आडवं येणारं अंग कमी व्हावं म्हणून त्यांनी छपरं खाली आणली, मडगार्डं काढून टाकली. तिथली हवा सुकी, आणि आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. त्यामुळे इथे करवत हातात घेण्याआधी गंजाशी झगडावं लागतं.

तर गंज. चुंबकाला कागद गुंडाळून अख्ख्या गाडीवरून फिरवला. उजव्या दाराखालच्या पट्टीवर तो चिकटेचना. खरवडलं तर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) निघाली, बोटभर जाड, आणि तिच्या आत वर्तमानपत्राचे बोळे! पूर्वी कुणीतरी भोक बुजवून वरून ड्युको रंग मारून दिला होता. कापून पाहिलं तर आत चिखल साचून पाणी जायची भोकं बुजलेली. पद्मिनीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणजे ही पट्टी म्हणजे गाडीचा कणाच. छपराचं काम थांबवून आधी दोन्ही बाजूंना नवा 20 गेजचा पत्रा घातला. त्यात तीन आठवडे गेले, त्याचं रडगाणं गात नाही.

बिजागऱ्या, बॉनेटच्या पट्ट्या असला बारीक माल निळ्या पिंपात टाकला. शंभर लिटर पाणी, अर्धा किलो धुण्याचा सोडा, कडेने सळीचे तुकडे, आणि 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजका भाग निगेटिव्हला आणि सळ्या पॉझिटिव्हला, उलटं जोडलं तर भागच खाल्ला जातो. सळीऐवजी स्टेनलेस वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि खाडी जवळ आहे म्हणून खारं पाणी भरायचा मोह झाला तरी भरू नका, मिठातून क्लोरीन वायू सुटतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून पिंप उघड्यावर ठेवा आणि जवळ विडी नको. दुसऱ्या दिवशी बिजागरी बाहेर काढली तर वर काळा गाळ, तो ब्रशने गेला आणि खाली करडं लोखंड. तिथेच खरी घाई असते. आमच्या हवेत पंधरा मिनिटांत त्यावर नारिंगी झाक येते. गरम पाण्यात बुडवून, फडक्याने पुसून, सुकताक्षणी एपॉक्सी प्रायमर. मी एकदा मध्ये चहाला गेलो आणि तीच बिजागरी परत पिंपात टाकावी लागली.

होड्यांना जस्ताची वडी लावतात तशी गाडीला का नाही, असं एकाने विचारलं होतं. ती वडी पाण्यात बुडालेली असते तेव्हाच काम करते. गाडी हवेत उभी, तिथे तिचा उपयोग शून्य. माशाचं तेल मात्र पोकळ पट्ट्यांमध्ये घालून पाहिलं, जुन्या लाकडी होड्यांना चोपडायचे ते. ते फटीफटीत छान मुरतं. पण वास! गावातली चार मांजरं आठवडाभर गाडीखाली मुक्कामाला होती. पुढे मेण आणि तेल मिसळून फवारलं.

आता मुख्य काम. कापण्याआधी दारांच्या चौकटींत चौकोनी पाइप आडवे-तिरके टाकून वेल्ड केले आणि कर्ण मोजून ते आकडे भिंतीवर खडूने लिहिले. हे केलं नाही तर छप्पर उचलताच बॉडी हलते आणि मग एकही दार लागत नाही. छप्पर पेलणाऱ्या प्रत्येक खांबावर दोन इंचांच्या अंतराने चिकटपट्टीच्या दोन रेघा, आणि मधला तुकडा काढायचा.

कागदावर सोपं आहे. पण पुढचे खांब तिरके असतात. माझ्या मापाने उभ्या रेषेपासून सुमारे 35 अंश. म्हणजे छप्पर सरळ दोन इंच खाली आणलं की खालच्या खांबाचं टोक छपराच्या टोकापेक्षा जवळजवळ 1.4 इंच पुढे राहतं. दोन उपाय आहेत. एक म्हणजे छप्पर आडवं कापून मध्ये पट्टी घालून लांब करायचं. दुसरा, खांबाच्या बुडाशी पाचरीसारखी चीर देऊन तो मागे झुकवायचा. सपाट पत्र्यावर चार फुटांचं आडवं वेल्डिंग करायची माझी हिंमत नाही, पत्रा पापडासारखा उठतो. मी खांब झुकवले. जोडाच्या आत पत्र्याची पट्टी घातली, नाहीतर सगळा भार नुसत्या वेल्डिंगच्या टाक्यांवर येतो.

टाके मारताना पहिल्या दिवशी सगळी जाळी पडली. वायर 0.8 मिमी, करंट बरोबर, गॅस चालू, तरी टाके भोकाभोकांचे. मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात ट्रॉलरवर काम करणारे एक मिस्त्री सहज आले होते. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही, माडांच्या झावळ्यांकडे पाहिलं. "वारा सुटलाय, दिसत नाय तुला? गॅस उडून जातो." खरंच, अकरानंतर समुद्रावरचा वारा सुटतो आणि टाक्यावरचं कार्बन डायऑक्साइडचं पांघरूण नेतो. तेव्हापासून पहाटे सहा ते नऊ वेल्डिंग, नंतर ताडपत्री बांधून फक्त कानस. एक टाका इथे, दुसरा विरुद्ध बाजूला, हात लावून गार झाल्याशिवाय पुढचा नाही.

एक चूक कबूल करायची आहे. सुरुवातीला मागची बाजू जांभ्याच्या चिऱ्यांवर ठेवली होती. घरं उभी राहतात त्यावर, गाडी का नाही राहणार? पण भिंतीत भार सगळीकडे पसरतो, इथे तो एका कोपऱ्यावर आला. पहिल्याच मोठ्या पावसात भिजलेला चिरा रात्री फुटला आणि गाडी एका अंगाला बसली. खाली कुणी नव्हतं म्हणून हे लिहितोय. सकाळी लोखंडी घोड्या आणल्या.

चार दारांच्या चौकटीही तेवढ्याच कापाव्या लागल्या, म्हणजे एकच डोकेदुखी चार वेळा. दारांच्या काचा टफन केलेल्या असतात, त्या कापता येत नाहीत, चुरा होतो. हार्डबोर्डचे साचे देऊन नव्या करायच्या आणि मग त्या टफन व्हायला भट्टीत जातील. पुढची लॅमिनेटेड काच कापता येते, पण वळणाची असल्याने पहिली कोपऱ्यातून तडकली. दुसरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसली. कडेला मिलिमीटरभर फट आहे, ती रबरात लपेल.

रंग अजून नाही. भर पावसात एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारून पाहिला होता, वर दुधाळ पांढरी झाक आली. आता थंडीची वाट बघतोय. लांबी कुठेही तीन मिलिमीटरच्या वर नाही, चुंबक सगळीकडे चिकटतो. पुढच्या नोंदीत मागचे कमानपाटे (स्प्रिंगचे) आणि ब्रेकचे ड्रम.

तोवर कुणाकडे पद्मिनीच्या पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांची चांगली रबरं असतील तर सांगा. माझी दोन्ही उंदरांनी खाल्ली. मांजरं तेल संपल्यावर निघून गेली होती.