तुम्ही विचारलंत म्हणून: सोपा ट्रॅक कुठला?

"छोट्या मॉडेल रेल्वेसाठी घरात मांडायला सोपा ट्रॅक कुठला हो?" वर्षातून दहा-बारा जण तरी मला हे विचारतात. बहुतेक सगळे कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम नुकतंच बघून आलेले असतात. पोरगा म्हणे हट्ट धरून बसलाय. थोडं खोदून विचारलं की कळतं, पोरगा केव्हाच क्रिकेट खेळायला गेला, हट्ट बापाचा आहे.

मी आधी एकच विचारतो: रात्री गाडी उचलून ठेवायची आहे का?

ज्यांच्याकडे गच्चीवरची खोली आहे आणि एकदा मांडलेलं वर्षानुवर्षं हलवायचं नाही, त्यांनी खुशाल फ्लेक्स ट्रॅक घ्यावा. 914 मिलिमीटरचा लवचीक तुकडा, हवा तसा वळवायचा, कापायचा, खाली कॉर्क, कडेने बारीक खडी, वर पातळ केलेला फेव्हिकॉल. दिसण्यात त्याला तोड नाही, आणि मीटरच्या हिशेबाने स्वस्तही पडतो. पण आमच्याकडे दुपारी ज्या टेबलावर गाडी धावते, त्याच टेबलावर रात्री साडेआठला पोळ्यांचा डबा येतो. हे पुढचं सगळं अशा घरांसाठी.

माझा पहिला ट्रॅक जुन्या बाजारातला. पितळी रूळ, प्लॅस्टिकचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या), आणि दोन तुकडे जोडायला रुळाच्या बुडाशी सरकवायच्या इवल्याशा फिशप्लेट. कंपनी कुठली ते सोडून द्या. सतरंजीवर मांडला, गाडी धावली, आणि दर चार-पाच फेऱ्यांनी शेवटचा डबा एकाच जागी उतरायला लागला. मी डब्याची चाकं तपासली, धुरा बदलला, डब्यात वजन म्हणून नटबोल्ट घातले. दोन रविवार गेले. शेवटी कंटाळून रुळावरून सहज अंगठ्याचं नख फिरवलं, तर एका जोडावर ते टक्कन अडलं. तिथे रूळ फिशप्लेटमध्ये शिरायच्या ऐवजी तिच्यावर चढून बसला होता. उंची असेल अर्धा मिलिमीटर. डोळ्याला दिसत नव्हती, पण चाकाची कडा त्याहून फार मोठी नसते. तेव्हापासून मांडून झालं की आधी नख फिरवायचं आणि मग गाडी ठेवायची, ट्रॅक कितीही महागाचा असो.

फिशप्लेट वाईट नसते. ती एकदा लावायची वस्तू आहे. रोज लावा-काढा केलं की ती सैल होते, वाकते, आणि सैल झाली की रुळातून इंजिनाला जाणारा करंटही तिथे तुटतो.

म्हणून रोज उचलणाऱ्यांनी खडीसकट येणारा ट्रॅक घ्यावा. म्हणजे रूळ, स्लीपर आणि खाली खडीसारखा दिसणारा प्लॅस्टिकचा उतरता पाया, सगळं मिळून एकच तुकडा. मी वापरतो तो जपानच्या काटो कंपनीचा युनिट्रॅक. त्याच्या जोडावर पातळ धातूची पट्टी असते, पण ती प्लॅस्टिकच्या खटक्यात बसवलेली. दोन तुकडे टेबलावर सपाट ठेवून एकमेकांत सरकवले की खट् आवाज येतो. तो आला म्हणजे जोड बसला. नाही आला तर बसलेला नाही, उगाच मनाचं समाधान करून घेऊ नका. सोडवतानाही सरळ रेषेत ओढायचं. ऊस मोडल्यासारखं वर-खाली करणारे पाहुणे आमच्याकडे येतात, त्यांना मी डबे पुसायला बसवतो.

आता माप. मॉडेल गाड्यांची नेहमीची मापं दोन, एन आणि एचओ. एन म्हणजे रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर, एचओ म्हणजे 16.5. एनमध्ये 315 मिलिमीटर त्रिज्येचे आठ वळणाचे तुकडे आणि 248 मिलिमीटरचे चार सरळ घेतले, की लांबट गोल तयार होतो. लांबी सव्वा मीटरच्या आत, रुंदी सत्तर सेंटिमीटरच्या आत. चार माणसांच्या जेवणाच्या टेबलावर बसतो, कडेला पाण्याच्या तांब्यालाही जागा उरते.

पण लोकांना हवी असते आपली निळी गाडी. आणि भारतीय इंजिनं-डबे जे काही तयार मिळतात, ते बहुतेक एचओत. इथे गणित करायलाच लागतं. आयसीएफचा, म्हणजे चेन्नईच्या रेल्वे डबा कारखान्याचा, खरा डबा 21.3 मीटर लांब. एचओत सगळं खऱ्याच्या 87 पट लहान, म्हणून 87 ने भागा, 245 मिलिमीटर. असे चोवीस डबे जोडले की जवळजवळ सहा मीटर. इंजिन हॉलमध्ये आणि गार्ड स्वयंपाकघरात. मोठी अडचण वळणाची आहे. परदेशी सुरुवातीच्या सेटमध्ये वळण बहुधा 18 इंच, म्हणजे 457 मिलिमीटर त्रिज्येचं येतं. आपल्या डब्याच्या दुप्पटही नाही ते. डब्याचा मधला भाग आत झुकतो, टोकं बाहेर लोंबतात, आणि कपलिंग एकमेकांना ओढून गाडी उतरवतात. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान अडीचपट असावी, तिप्पट असली तर उत्तम. तेवढं आपल्या घरात जमत नाही. आठ बाय चारच्या प्लायच्या शीटवर युनिट्रॅकचं एचओतलं 550 चं वळण कसंबसं बसतं, म्हणजे सव्वादोन पट. छोट्या डब्यांनी सुरुवात केली तर निभतं. (आणखी एक: 16.5 मिलिमीटर हे 1435 च्या युरोपी गेजचं माप. आपला ब्रॉडगेज 1676 चा, तो एचओत सव्वाएकोणीस व्हायला हवा. म्हणजे एचओतल्या आपल्या गाड्या नियमाने अरुंद रुळांवरच धावतात. बोलून दाखवू नका, लोक नाराज होतात.)

बाखमनचा ई-झी ट्रॅकही याच जातीचा, खडीसकट. तो घेताना खालच्या प्लॅस्टिकचा रंग बघा: करडा असेल तर रूळ निकेल सिल्व्हरचे, काळा असेल तर पोलादी. करडाच घ्या. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू, आपल्या आज्यांच्या भाषेत जर्मन सिल्व्हर. आपल्या पावसाळ्यात पोलाद गंजतं. पितळ काळवंडतं, आणि ती काळिमा करंट अडवते. माझा पहिला ट्रॅक दर ऑगस्टला रुसायचा. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या धोतराचा तुकडा. पॉलिश पेपर लावू नका, चरे पडतात आणि पुढची घाण त्यातच बसते.

एका कंपनीचा ट्रॅक घेतला की तोच वाढवा. दुसऱ्याचा खटका त्याला बसत नाही, पायाची उंचीही वेगळी असते. मध्ये घालायचे जोडतुकडे मिळतात, पण मग सोपेपणा कुठे राहिला? याच कारणाने, श्टुटगार्टला असलेला भाचा दिवाळीला मर्क्लिन या जर्मन कंपनीचा ट्रॅक आणतो म्हणाला तर आनंद माना, पण आधी विचारून घ्या. त्यांचं गाव, ग्योपिंगन, तिथून जवळच. त्यांचा सी-ट्रॅक जोडायला फारच सुरेख. फक्त स्लीपरांच्या मधोमध बारीक टिकल्या दिसतील. करंटची एक बाजू त्या टिकल्यांतून येते, दोन्ही रूळ मिळून दुसरी बाजू. आपलं नेहमीचं दोन रुळांचं इंजिन त्यावर ठेवलं तर जागचं हलत नाही. दिसायला जवळपास तसाच ट्रिक्सचा सी-ट्रॅक टिकल्यांशिवाय येतो, तो चालतो.

सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे, पहिल्या दिवशी घेऊ नका. गोल महिनाभर नीट फिरू दे. गाडी पलीकडच्या बाजूला मंदावत असेल तर इंजिनाला दोष न देता तिथे करंटची दुसरी वायर जोडा. प्रत्येक जोड थोडाथोडा करंट खात असतो. आणि जमिनीवर मांडू नका. सतरंजीचे धागे आणि घरातले केस इंजिनाच्या धुऱ्याभोवती असे गुंडाळले जातात, की चिमट्याने एकेक उपसत बसावं लागतं.

आवरायला आमच्याकडे बारा मिनिटं लागतात. 248 चे सरळ तुकडे साडीच्या खोक्यात आडवे छान बसतात. वळणांसाठी श्रीखंडाचा मोठा डबा आहे, धुऊन वाळवलेला, तरी झाकण उघडलं की अजून वेलदोड्याचा वास येतो.