गंधार गाळलेली गिटार

शास्त्रीय गाण्यात विशारद झालेली मुलगी स्वतःची रॉक गाणी करते म्हटल्यावर रत्नागिरीत पहिली चौकशी होते ती गळ्याची: ओरडून आवाज बसत नाही का? चौकशी काळजीपोटीच असते. मात्र आमचे घोडे अडले ते गळ्यापाशी नव्हे, गंधारापाशी, म्हणजे सारेगमातल्या 'ग'पाशी.

आमचे पहिले गाणे यमन रागात बांधलेले आहे. यमनाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर गंधार, आणि तो मला तानपुऱ्याने शिकवला. खर्जाची (खालच्या सा ची) तार नीट जुळली आणि जवारी (घोडीवर तार घासून उठणारा झंकार) चांगली उघडली, की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. लहानपणी गाण्याच्या बाई मला तोंडातून चकार शब्द काढू न देता तेवढाच ऐकत बसवीत. गिटारचा गंधार पडद्याने बांधलेला असतो. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे तो षड्जापासून (सा पासून) 400 सेंटवर पडतो (सेंट हे स्वरांतराचे माप, सप्तकात 1200), तर तानपुऱ्यातला सुमारे 386 वर. हा फरक म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या सुरांमधील अंतराचा जेमतेम सातवा हिस्सा. पण माझ्या काळी चार या पट्टीसाठी मित्राने गिटारच्या चौथ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावून मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) छेडली आणि मी गंधारावर ठेहराव घेतला, तेव्हा दोघेही बेसूर वाटलो. त्याच्या गंधाराकडे सरकावे तर यमन हातचा जाई.

तोड निघाली ती रॉकमधूनच. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावलेल्या गिटारवर पूर्ण कॉर्ड वाजवली की स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, म्हणून वादक बहुधा गंधार गाळून फक्त षड्ज आणि पंचम (सा आणि प) वाजवतात. ही पॉवर कॉर्ड. षड्ज-पंचम म्हणजे आमच्या तानपुऱ्याचीच जोडी की! (गिटारचा पंचमही सुमारे 2 सेंट उतरलेला असतो, पण तेवढे मी चालवून घेते.) ज्या कर्कश्श वाद्याची सगळ्यांना धास्ती, त्यानेच माझ्या गंधाराला जागा मोकळी करून दिली.

गायन ध्वनिमुद्रित केले ते गावच्या घरात, माजघरात दोरीवर गोधड्या टाकून, आणि तेही जुलैत, हा शुद्ध गाढवपणा. पावसाने उघडीप दिली की लाइट जाई, लाइट आली की कौलांवर पुन्हा सर कोसळे. अंतऱ्याच्या समेवर परसातला एक बेडूक नेमका बोलला आहे. सम त्याला कळली, म्हणून ठेवला.

गाणे प्रसिद्ध करण्याआधी बाईंना ऐकवले. डोळे मिटून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "गंधार लागलाय गं. पण तो मागचा मुलगा सारखं सा-प, सा-पच का वाजवतोय? पुढचं शिकवलं नाही का त्याला कोणी?"