शैवाकातले पोटभाडेकरू आणि एमटीटीचा जांभळा रंग

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्या घरात पोटभाडेकरूही असतात. शैवाकाला कुठलाही उपद्रव न देता त्याच्या आत राहणाऱ्या या बुरश्यांना एन्डोलायकेनिक बुरशी म्हणतात. कर्करोगविरोधी संयुगांसाठी त्यांच्याकडे वळण्याचं कारण अगदी व्यावहारिक आहे. शैवाक घडवणारी मूळ बुरशी प्रयोगशाळेत कमालीची सावकाश वाढते. पोटभाडेकरू मात्र बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत प्लेट भरून टाकतात.

पहिली कसोटी म्हणजे बुरशी खरोखर आतलीच आहे का. शैवाकाचा ताजा नमुना कागदी पाकिटात आणावा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि वरची बुरशी माजते. वाहत्या पाण्यात धुवून स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं आणि माती, साल किंवा काळे फलपिंड दिसले तर तो भाग टाकून द्यावा. मग ७५ टक्के इथेनॉल १ मिनिट, २ टक्के सोडियम हायपोक्लोराइट ३ मिनिटं, पुन्हा इथेनॉल ३० सेकंद, आणि शेवटी निर्जंतुक पाणी. इथेनॉल आधी का? शैवाकाचा पृष्ठभाग पाणी झटकतो. तो अल्कोहोलने भिजला नाही तर हायपोक्लोराइट नुसतं वरून ओघळतं. बाटली जुनी असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून द्रावण त्याच दिवशी करावं. धुतलेला तुकडा बुरशी वाढवायच्या पोषक माध्यमावर दाबून उचलावा. त्या ठशातून काही उगवलं तर ती अख्खी तुकडी बाद.

२ मिमीचे तुकडे करून प्रत्येक तुकडा माल्ट अर्क आगरच्या स्वतंत्र छोट्या नळीत ठेवावा. एकाच प्लेटवर सगळे मांडले की एखादी ट्रायकोडर्मासारखी झपाट्याने वाढणारी बुरशी दोन दिवसांत सगळ्यांना गिळते आणि हळू वाढणारी, बहुधा जास्त रंजक मंडळी दिसतच नाहीत. शुद्ध झालेलं कल्चर लगेच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर जपावं. वारंवार पुनर्रोपण केलं की बुरशी दिसायला तीच राहते, पण संयुग बनवणं सोडून देऊ शकते. ओळखीसाठी आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचा क्रम बहुधा पुरतो, मात्र पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलसच्या जाती वेगळ्या करायला बीटा-ट्युब्युलिन किंवा कॅलमॉड्युलिनचं जनुकही वाचावं लागतं.

वाढवण्यासाठी तांदूळ उत्तम. ५०० मिलिच्या फ्लास्कमध्ये ८० ग्रॅम तांदूळ आणि १२० मिलि पाणी रात्रभर ठेवावं, १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करावं (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करावं), गार होताना हलवून दाणे मोकळे करावेत. पाणी जास्त झालं की लगदा होतो, आत हवा जात नाही आणि बुरशी फक्त वर साय धरते. २५ अंशांवर साधारण ४० दिवस ठेवून इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा अर्क काढावा. बुरशी न घातलेला एक फ्लास्कही याच सगळ्या पायऱ्यांतून न्यावा. तो नसेल तर परिणाम बुरशीचा की तांदळाचा हे कळत नाही आणि पुढचे आकडे कुचकामी. अर्कात मेदाम्लं भरपूर उतरतात आणि जास्त मात्रेत तीही पेशी मारतात. म्हणून अर्क ९० टक्के मेथॅनॉलमध्ये घेऊन हेक्झेनबरोबर हलवावा. मेद हेक्झेनच्या थरात जातो.

आता एमटीटी, म्हणजे अर्काने पेशी मेल्या का हे रंगावरून ताडणारी चाचणी. एमटीटी हे पिवळं रसायन जिवंत पेशी जांभळं करतात. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दर खळग्यात कर्करोगाच्या ५,००० पेशी, २४ तास बसू द्यायच्या, मग अर्कासोबत ४८ तास. अर्क ज्यात विरघळवतात तो डीएमएसओ हा द्रावक ०.५ टक्क्यांच्या खालीच. नंतर ०.५ मिग्रॅ/मिलि एमटीटी ३-४ तास, तयार झालेले जांभळे स्फटिक डीएमएसओत विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन. गोम अशी की ही चाचणी जिवंत पेशी मोजत नाही, क्षपण (एमटीटीला इलेक्ट्रॉन मिळून होणारा बदल) मोजते. फेनॉलयुक्त अर्क पेशींशिवायही एमटीटी जांभळं करतो. मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात आणि चांगला अर्क हातचा जातो. त्यासाठी अर्क आणि एमटीटी आहे पण पेशी नाहीत, असे खळगे ठेवायलाच हवेत. तिथे रंग आला तर एमटीटीआधी अर्क धुवून काढावा, नाहीतर प्रथिनं मोजणारी एसआरबी चाचणी वापरावी. पेशींची ओळखही एसटीआरने (डीएनएच्या ठशाने) तपासावी. वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरलेली एमडीए-एमबी-४३५ ही पेशीमालिका मेलानोमाची (त्वचेच्या एका कर्करोगाची) निघाली.

अर्क पेशी मारतो म्हणून हुरळून जाऊ नये. सायटोकॅलेसिन, ग्लायोटॉक्सिन, ट्रायकोथेसिन ही बुरश्यांची आधीच माहीत असलेली विषं असण्याची शक्यता मोठी. संयुगं वेगळी करणाऱ्या स्तंभावर महिने घालवण्याआधी एलसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) वस्तुमान ताडून पाहावं, आणि निरोगी पेशींवरही तीच मात्रा देऊन फरक पडतो का ते बघावं.

नुसता मृत्यू मोजला तर काय निसटतं? या बुरश्यांच्या संयुगांचा पहिला अहवाल २००७चा. अस्निया कॅव्हर्नोसा या शैवाकातल्या कोरिनेस्पोरा बुरशीचा. तिच्यातल्या हर्बारिनपासून प्रयोगशाळेत मिळवलेल्या डीहायड्रोहर्बारिनने एमडीए-एमबी-२३१ (स्तनाचा कर्करोग) आणि पीसी-३एम (प्रोस्टेटचा कर्करोग) पेशींचं स्थलांतर रोखलं, तेही त्या पेशींना विषारी नसलेल्या मात्रेत. एमटीटीवर ते नापासच झालं असतं. त्याच कामात त्या बुरशीचं कोरिनेस्पोरॉल हे संयुग नुसत्या हवेने ऑक्सिडीभूत होऊन हर्बारिन बनतं, हेही दिसलं. म्हणजे बाटलीत ठेवलेलं संयुग आणि महिन्याने पेशींवर घातलेलं संयुग एकच असेल याची खात्री नाही. नमुना नायट्रोजनखाली सुकवून उणे २० अंशांवर ठेवावा आणि चाचणीच्या दिवशी एलसी-एमएस पुन्हा करावं.