पिकअप आला, ‘ऑन’ न देता

अमेरिकेत शोरूममधल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीचा एक छापील कागद चिकटवलेला असतो. गाडी कुठल्या कारखान्यात जोडली, इंजिन कुठल्या देशातलं, गिअरबॉक्स कुठला, अमेरिका-कॅनडातले सुटे भाग किती टक्के, कुठल्या जादा सोयीचे किती डॉलर आणि तळाशी एकूण किंमत. 1958 च्या कायद्याने किमतीचा हा कागद सक्तीचा झाला. ओक्लाहोमाचे सिनेटर माईक मनरोनी यांनी तो कायदा आणला, म्हणून इथे त्या कागदाला त्यांचंच नाव आहे. गाडी गिऱ्हाईकाच्या ताब्यात जाईपर्यंत तो फाडणं गुन्हा आहे. मला या कागदाचं पहिल्यापासून फार कौतुक.

2021 च्या एप्रिलमध्ये सिनसिनाटीजवळच्या एका मोठ्या शोरूममध्ये पिकअप ट्रक बघायला गेले आणि त्या कागदाच्या शेजारी दुसरा कागद दिसला. डीलरने आपल्याच प्रिंटरवर काढलेला. त्यावर दोन शब्द, ‘मार्केट ॲडजस्टमेंट’, आणि पुढे आकडा: 7,000 डॉलर. कशाचे, तर कशाचेच नाहीत. ट्रकमध्ये एक स्क्रूसुद्धा जास्तीचा नव्हता. आपल्याकडे बिल्डरला किंवा ब्लॅकवाल्याला जो ‘ऑन’ देतात तोच हा, फक्त छापून, काचेला चिकटवून, दिवसाढवळ्या. सेल्समन म्हणाला, उद्यापर्यंत थांबलात तर हाही जाईल. मी त्याला धन्यवाद दिले आणि बाहेर आले. इतकी वर्षं इथे राहतेय, पण त्या संध्याकाळी जेवढी चिडले तेवढी क्वचितच चिडले असेन.

शेवटी तासाभराच्या अंतरावर, लहानशा गावातल्या एका डीलरकडे कारखान्यातून ट्रक बनवून घ्यायची ऑर्डर दिली. रंग, सीट, टो करायचा हुक, सगळं आपण निवडायचं आणि मग वाट बघायची. तिथल्या वयस्कर सेल्समनने ऑर्डरच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं की गाडी छापील किमतीलाच मिळेल, वर काही नाही, आणि खाली सही केली. मी मागितलं नव्हतं. किती दिवस लागतील याला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याने उगाच तारीखही सांगितली नाही.

आता ‘ट्रक कशाला?’ हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय, आईने तर प्रत्येक फोनला विचारलं. तिच्या डोळ्यांपुढे वाशीच्या मार्केटमधून मेथी-कोथिंबीर भरून निघालेली बोलेरो पिकअप. ‘तू इंजिनियर ना गं?’ आमच्याकडे घराला लागून मोठी जागा आहे, तिथली माती, खत, तोडलेल्या फांद्या स्वतःच वाहाव्या लागतात. महापालिकेची गाडी दारात येत नाही. गणपतीत मंडळाचं मखर, सतरंज्या, जेवणाची मोठी पातेली हॉलपर्यंत न्यायला दरवर्षी भाड्याचा ट्रक शोधावा लागतो. आणि आमच्या रस्त्यावर जवळजवळ प्रत्येक घरापुढे पिकअप आहे. शेजाऱ्याचा फ्रिज आणायचा असो की कोणाचा पडलेला ओक उचलायचा असो, ट्रकवाल्याला हाक मारतात आणि तो येतो. एवढी वर्षं आम्ही हाक मारणारे होतो, आता आम्हालाही कुणी हाक मारावी असं वाटतं. पेट्रोल जास्त खातो हे खरं आहे. म्हणूनच ऑफिसला मी छोटी गाडीच नेते.

ऑर्डर दिल्यावर कंपनीच्या साइटवर स्टेटस बघता येतं. ऑर्डर स्वीकारली, वेळापत्रकात घेतली, बनवली, पाठवली, पोहोचली. आमची कित्येक महिने ‘स्वीकारली’ वरून हलली नाही. चिपचा तुटवडा हे कारण तुम्हीही पेपरात वाचलं असेल, पण त्याची गोष्ट नीट समजून घेतल्यावर मला जास्त राग आला. 2020 च्या वसंतात कोविडने कारखाने बंद पडले, तेव्हा गाड्यांच्या कंपन्यांनी आता विक्री होत नाही म्हणून चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी जग घरात बसून लॅपटॉप आणि फोन घेत होतं, त्यामुळे चिप बनवणाऱ्यांनी ती जागा त्यांना दिली. काही महिन्यांतच गाड्यांना मागणी परत आली आणि या कंपन्या रांगेत शेवटी उभ्या. मग 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचं वादळ आलं, वीज गेली, ऑस्टिनचे चिपचे कारखाने बंद पडले. 19 मार्चला जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. गाड्यांच्या चिप बनवणाऱ्यांत ही मोठी कंपनी. उन्हाळ्यात मलेशियात, जिथे तयार चिपचं पॅकिंग आणि टेस्टिंग होतं, तिथे लॉकडाऊन. एक चिप सुरुवातीपासून तयार व्हायला महिने लागतात, त्यामुळे आज बंद पडलेल्या कारखान्याचा फटका पुढच्या मोसमात बसतो. त्यात गाड्यांना लागतात त्यातल्या बऱ्याच चिप जुन्या पद्धतीच्या, स्वस्तातल्या. त्यांच्यासाठी नवा कारखाना उभा करायला तेव्हा फारसं कोणी तयार नव्हतं.

हे सगळं पेपरात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. सिनसिनाटीहून लुईव्हिलला जाताना स्पार्टा गावापाशी केंटकी स्पीडवे लागतो. नॅसकारच्या मोटारींच्या शर्यती व्हायच्या तिथे, 2021 च्या वेळापत्रकातून ती शर्यत गेली. त्या रिकाम्या मैदानांवर फोर्डने लुईव्हिलच्या कारखान्यातले सुपर ड्यूटी ट्रक आणून उभे केले होते, हजारोंनी. पांढरे, काळे, लाल, एकाला एक लागून, टेकडीपलीकडेही तेच. चाकं, काचा, सीट सगळं जागच्या जागी, फक्त एखाददुसरी चिप नाही म्हणून न विकता येणारे. उपग्रहाच्या फोटोतसुद्धा ते दिसले. माझा ट्रक वेगळ्या कंपनीचा, मेक्सिकोत बनणारा, पण त्या मैदानाजवळून जाताना मी दर वेळी गाडीचा वेग कमी करायचे.

खरी किंमत कुठे मोजली जात होती ते मला दादाने सांगितलं. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बाबांनी सुरू केलेलं आमचं वर्कशॉप दादा चालवतो. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पत्रा येतो, पॉवर प्रेसवर त्याचे ब्रॅकेट होतात, ते पुण्याच्या एका सप्लायरकडे जातात आणि तिथून चाकणला गाडीत. एरवी महिन्याच्या अखेरीला पुढच्या महिन्यात किती माल हवा त्याचं शेड्यूल येतं. त्या पावसाळ्यात शेड्यूल यायचं आणि आठवड्याभरात अर्ध्यावर यायचं. चिप नाही म्हणून गाडी बनत नाही, गाडी बनत नाही म्हणून ब्रॅकेट नको, आणि पत्रा तर वाढलेल्या भावाने आधीच घेऊन ठेवलेला. डिस्पॅचसाठी बांधून ठेवलेल्या क्रेटवर धूळ बसली होती, दादाने व्हिडिओ कॉलवर बोटाने रेघ ओढून दाखवली. तरी त्याने एकाही माणसाला काढलं नाही. सगळ्यांना आलटून पालटून बोलावलं. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. मी इथे स्टेटस बघत बसलेली आणि माझ्या भावाचा प्रेस त्याच चिपपायी बंद. त्या फोननंतर स्टेटस उघडायला मला नको वाटायचं.

पण डीलरचा मुद्दा मी सोडणार नाही. ठाणे स्टेशनवर रेल नीरची बाटली 2022 मध्ये 15 रुपयांना होती. स्टॉलवाल्याने 20 मागितले की मागचे चार जण त्याच्याशी भांडतात, कोणी तक्रारवही मागतो. पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेणं आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे आणि हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. इथे मात्र सिनेटरच्या कायद्याने छापलेली किंमत ही फक्त कंपनीने ‘सुचवलेली’. बहुतेक राज्यांच्या कायद्यानुसार कंपनी आपल्या डीलरांना डावलून स्वतः गाडी विकू शकत नाही. डीलर कंपनीकडून गाडी विकत घेतो, ती त्याची होते आणि मग तो वाटेल ती किंमत लावतो. एडमंड्स ही गाड्यांच्या बाजाराचा अभ्यास करणारी संस्था सांगते की 2022 च्या जानेवारीत नवी गाडी घेणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोकांनी छापील किमतीपेक्षा जास्त दिले. फोर्ड आणि जनरल मोटर्सने 2022 मध्ये आपल्या डीलरांना समज दिली, असंच चाललं तर गाड्या कमी देऊ म्हणून. म्हणजे कंपनीलाही हे पटत नाही, पण तिच्या हातात विनंती आणि धमकीपलीकडे फारसं काही नाही. जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एकात ही अवस्था आहे आणि सगळ्यांनी ती हवामानासारखी स्वीकारली आहे, हे मला अजिबात मान्य नाही.

हे दादाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘अगं, आपल्याकडे शोरूमवाले काय साधू आहेत का? किंमत तीच ठेवतात, पण सीट कव्हर, मॅट, कोटिंगचं पॅकेज गळ्यात मारतात. इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्या म्हणतात. नाही घेतलं तर तुमचा नंबर मागे.’ असेल तसं. तरी पॅकेजमध्ये निदान मॅट तरी मिळते. आणि 2021 च्या ऑक्टोबरमध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 चं बुकिंग उघडलं तेव्हा 57 मिनिटांत 25,000 गाड्या गेल्या. पहिल्या 25,000 जणांना जाहीर केलेली किंमत आणि नंतरच्यांना वाढीव, हे आधी सांगून ठेवलं होतं आणि तसंच झालं. मला त्याचा अभिमान वाटतो. वाट बघायला लागणं समजू शकते, पण किंमत काय ते आधी कळलं पाहिजे.

या मधल्या काळात आम्ही आमची जुनी व्हॅन विकली. वापरलेल्या गाड्यांच्या किमती 2022 च्या जानेवारीपर्यंतच्या वर्षभरात इथे सरासरी 40 टक्क्यांनी वाढल्या होत्या, त्यामुळे व्हॅनला कल्पनेपेक्षा बरेच जास्त पैसे आले. नवरा म्हणाला, मग आपणही ऑन घेतलाच की. मला ते पटत नाही. जुन्या गाडीला छापील किंमत नसते. समोरचा बघतो, चालवून बघतो, दोघं बसून भाव ठरवतात, आणि आम्ही कोणाची ऑर्डर घेऊन ती तिसऱ्याला विकली नाही.

डिसेंबरात स्टेटस हललं. आम्हाला गाडीचा सतरा अक्षरं-आकड्यांचा नंबर मिळाला, त्यातला पहिला आकडा 3, म्हणजे गाडी मेक्सिकोत बनणारी. मग ट्रक रेल्वेने निघाला, कुठल्याशा यार्डात अडकला, तिथून ट्रेलरवर चढला. फेब्रुवारीच्या अखेरीस सेल्समनचा फोन आला की गाडी उतरली. पुढे म्हणाला, सीट गरम करणारं मॉड्यूल नाही, कारखान्यातूनच ते न लावता पाठवलंय. त्याचे थोडे पैसे काचेवरच्या कागदातच वजा केलेत, भाग आला की फुकट बसवून देऊ. जनरल मोटर्सने नोव्हेंबरपासून असंच केल्याचं वाचलं होतं, म्हणून धक्का बसला नाही.

धक्का पुढे बसला. सह्या करायला गेलो तेव्हा आमचा ट्रक दारातच धुऊन उभा होता. आम्ही कागद वाचत असताना एक गृहस्थ आत आले, तोच ट्रक हवा म्हणाले, छापील किमतीवर 5,000 डॉलर आत्ता देतो म्हणाले. आमच्यासमोर. म्हातारा सेल्समन खुर्चीतून उठलासुद्धा नाही. ‘तो विकला गेलाय, एप्रिलमध्ये,’ एवढंच म्हणाला आणि पेन माझ्या हातात दिलं. ऑर्डरचा कागद फायलीत वरच लावलेला होता, त्याच्या अक्षरातली ओळ अजून निळी. पाच हजार डॉलर म्हणजे त्या लहान दुकानाला काही थोडेथोडके नव्हेत. कायद्याने त्यांना कोणी अडवलं असतं की नाही, कोणास ठाऊक. त्यांना कायद्याची गरजच पडली नाही. या देशाबद्दल वर जे कडू लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि हा माणूसही याच देशातला आहे.

इकडे यायच्या तयारीत असलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा: मोठ्या शहरातली चकचकीत शोरूम सोडा आणि तासभर गाडी चालवून लहान गावात जा. ऑर्डर देताना ‘छापील किंमत’ हे शब्द आणि अनामत परत मिळणार का, हे दोन्ही लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका. कुठला पर्याय सध्या तुटवड्यात आहे ते विचारा. तो काढला तर ऑर्डर लवकर पुढे सरकते. आम्ही सनरूफ काढून टाकला होता.

मॉड्यूल अजून आलेलं नाही. इथली थंडी आता ओसरेल, त्यामुळे त्याची मला घाई नाही. दादाचं शेड्यूल मार्चपासून बरं आहे म्हणतो, प्रेस परत दोन पाळ्यांत चालू झाला. त्यानेही दिवाळीआधी एक गाडी बुक केलीय, ती गणपतीच्या आत मिळायला हवी. आईला गुडघ्यामुळे रिक्षात चढता येत नाही आणि घोडबंदर रोडवरून तिला नौपाड्याला मामाकडे गणपतीला न्यायचंय.