आडातली मोटर कप्प्यांनी वर काढली, त्याचा अनुभव

आमचा आड ८ फूट व्यासाचा, ४० फूट खोल, कठडा अडीच फूट. तळाला ५ एचपीची पाण्यातली मोटर, वजन ६५ किलो. पण दोरावर नुसती मोटर येत नाही. अडीच इंची काळा पाईप १२ किलोचा, आणि खाली नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी परत खाली न सोडणारी झडप) असल्यामुळे त्यात अडकलेलं ४० लिटर पाणी. गाळ वेगळाच. हिशेब १२० किलोंचा धरला.

वर एकच कप्पी बांधून चार जणांनी ओढायचं, ही नेहमीची रीत. एका कप्पीने ओझं हलकं होत नाही, फक्त दिशा बदलते: वर उपसण्याऐवजी खाली ओढायचं. मोटेच्या चाकाचंही तेच होतं, म्हणून तर बैल धावेवरून उताराला चालवत. त्यातही कप्पीच्या घर्षणात दहावा हिस्सा जातो, म्हणजे १२० किलोंसाठी १३३ किलोंची ओढ. शिवाय ओझं आणि ओढ दोन्ही वरच्या टेकूवर येतात, म्हणजे २५३ किलो. वासा मोडतो तो इथे, आणि लोक दोष लाकडाला देतात.

आम्ही दोन चाकांची कप्पी वर आणि तशीच एक खाली हुकाला लावली. ओझं चार पदरांवर आलं. कागदावर ओढ ३० किलो. प्रत्येक चाकाला १० टक्के घट धरली तर ३९. दोर मात्र चौपट लागतो: मोटर एक फूट वर यायला चार फूट ओढा. १६ मिलिमीटरचा २२० फूट दोर घेतला. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट हवा, म्हणजे ५ इंच. लहान चाकावर दोर आतून तुटत जातो आणि बाहेरून दिसत नाही. गाठीच्या जागी दोराची ताकद जवळपास निम्मी होते, तेही हिशेबात धरा.

वरची कप्पी टांगायला आडावर तिपाई उभी केली, १२ फुटी जीआय पाईपची. पाय मध्यापासून ६ फुटांवर, म्हणजे शेंडा जमिनीपासून साधारण १० फूट ४ इंच. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधले; नाहीतर ओझं येताच पाय फाकतात. दोर शेंड्यावरून तिरका बाहेर ओढायचा नाही, तिपाई आडवी होते. एका पायाच्या तळाशी आणखी एक कप्पी बांधून दोर तिच्यातून काढला. ओढ वाढून ४३ किलो झाली, पण तिपाई हलली नाही. दोन माणसांना ती झेपते.

स्टार्टरचा फ्यूज काढून केबल सोडवली. केबलला धरून मोटर कधीच ओढू नये. उन्हाळ्यात पाणी खाली असताना एक जण दोर बांधून आत उतरला, मोटरच्या कड्यात शॅकल (आडव्या खिळीने बंद होणारी लोखंडी कडी) अडकवून बाहेर आला आणि मगच ओढायला सुरुवात केली. ओझं लटकत असताना खाली कोणीही नको. मोटर पाण्यात असेपर्यंत आठ-दहा किलो हलकी लागते. पाण्याबाहेर येताना एकदम जड होते, तेव्हा हात तयार ठेवा. दोर मनगटाला गुंडाळायचा नाही.

दोन चुका झाल्या. नवा दोर वेटोळ्यातून तसाच उपसला, त्यामुळे त्यात पीळ राहिला. ओझं येताच खालची कप्पी फिरली, चारही पदर वेणीसारखे गुंफले गेले आणि घर्षणाने सगळं अडकलं. खाली सोडून, दोर जमिनीवर लांब पसरून पीळ काढावा लागला. मोटरला आडदोर बांधला, तो एकाने कठड्यावरून धरला, मग ती फिरली नाही.

दुसरी चूक: शॅकल ते हुक हा फास ४ फूट लांब ठेवला. वर कप्प्या एकमेकींना भिडल्या तेव्हा त्यांचे २ फूट, फासाचे ४, मोटरचे २. उरले २ फूट ४ इंच, आणि कठडा ३० इंच! मोटरचा तळ दोन इंचांसाठी आतच राहिला. दुसऱ्या दोराने मोटर शेंड्याला अडकवून फास एक फुटाचा केला, तेव्हा ती बाहेर आली.

दुरुस्तीनंतर सोडताना तेच घर्षण आपल्या बाजूचं होतं: धरायला २३ किलो पुरतात. तरी दोराचे दोन वेढे बाजूच्या कडुनिंबाच्या बुंध्याला दिले. मग एकाच माणसाने दोर ढिला करत मोटर उतरवली, घाई केल्यास दोर बुंध्याला घासून तापतो. केबल पाईपला दर पाच फुटांवर थोडी सैल बांधली. पाईप ओझ्याने ताणतो, केबल ताणली तर सांधा सुटतो.