तुम्ही विचारलंत म्हणून: मॉड्यूल अनेक, लॉगिंग कुणाकडे?

गुळाच्या सौद्याचं सॉफ्टवेअर जावात लिहिणाऱ्या कोल्हापुरातल्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न: आवक, सौदा, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशेब) अशी वेगवेगळी मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र भाग पाडले, तर लॉगिंग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना काय घडलं त्याची नोंद, कुठं ठेवायचं?

लॉग सगळ्यांनी लिहायचा, सेटिंग एकानंच करायचं. प्रत्येक मॉड्यूलनं फक्त एसएलएफफोरजेची (SLF4J) एपीआय घ्यावी; ही लॉग लिहायची नुसती सामाईक पद्धत, प्रत्यक्ष नोंद लॉगबॅकसारखी मागची लायब्ररी करते. मॉड्यूलला काय लागतं ते सांगणाऱ्या मॉड्यूल-इन्फो फाइलमध्ये ‘रिक्वायर्स ओआरजी.एसएलएफफोरजे’ एवढी ओळ पुरते. लॉगबॅक आणि त्याची एक्सएमएल फाइल जिथं मेन मेथड आहे तिथंच, मेव्हन या बिल्ड टूलमध्ये रनटाइम स्कोप (फक्त चालवताना लागणारी लायब्ररी) लावून. ‘कॉमन’ मॉड्यूल काढून त्यात स्वतःचा लॉगर क्लास लिहायचा मोह टाळाच. मग लॉगमध्ये ओळ नंबर दिसतो तो त्या मधल्या क्लासचा (रॅपरचा), आणि एकच लॉगर सगळ्यांनी वापरला की फक्त सौद्याची डीबग लेव्हल (बारीकसारीक नोंदी) चालू करायची सोयही जाते.

सगळ्यात जास्त घोळ व्हर्जनचा. एसएलएफफोरजे २.० आपला प्रोव्हायडर, म्हणजे मागची लॉग लायब्ररी, जावाच्या सर्व्हिसलोडरनं शोधतं, लॉगबॅक १.२ ला ती पद्धत ठाऊकच नाही. जोडी जमली नाही, की सुरुवातीला ‘प्रोव्हायडर सापडला नाही’ अशी सूचना येते आणि पुढं लॉगची एक ओळ उमटत नाही. लॉगबॅक किमान १.३ घ्या. जेलिंकनं (लागणारी मॉड्यूल जावासकट एकत्र बांधणारं टूल) इमेज बनवतानाही हेच होतं: मॉड्यूल पाथवर साध्या रनला लॉगबॅक आपोआप सापडतं, जेलिंक मात्र सर्व्हिस प्रोव्हायडर स्वतःहून उचलत नाही. ‘--ॲड-मॉड्यूल्स’ देऊन ‘सीएच.क्यूओएस.लॉगबॅक.क्लासिक’ नाव घाला.

जुन्या लायब्ररी जावाच्या स्वतःच्या लॉगिंगमध्ये लिहितात, त्यांच्यासाठी जेयूएल-टू-एसएलएफफोरजे हा ब्रिज आहे, तो त्या ओळी एसएलएफफोरजेकडं वळवतो. त्याच्याबरोबर उलट दिशेनं, जावाच्या लॉगिंगकडं ओळी पाठवणारं एसएलएफफोरजे-जेडीके१४ कधीच ठेवू नका. दोघं एकमेकांकडं ओळ टोलवत बसतात आणि स्टॅकओव्हरफ्लो होतो. कुठली जार कुणी आणली ते मेव्हनच्या ‘डिपेंडन्सी:ट्री’त दिसतं, नको ती एक्सक्लूड करा.

एकाच व्यवहाराच्या ओळी तिन्ही मॉड्यूलमधून माग काढत शोधायच्या, तर आवकेला पावती नंबर एमडीसीमध्ये (थ्रेडपुरती माहिती ठेवायचा लॉगिंगचा कप्पा) टाका आणि लॉगच्या ओळीच्या पॅटर्नमध्ये तो छापा. थ्रेडपूलमध्ये काम गेलं की तो नंबर सोबत जात नाही. काम सोपवताना एमडीसीच्या मॅपची कॉपी घेऊन तिकडं सेट करावी लागते. आणि काम संपलं की फायनली ब्लॉकमध्ये क्लिअर करा, नाहीतर एका शेतकऱ्याचा पावती नंबर दुसऱ्याच्या पट्टीला चिकटलेला दिसतो.